ओसीआय नीट कसं दाखवायचं: कॉम्प्रिहेन्सिव्ह इन्कमचं स्टेटमेंट बनवताना

वर्षअखेरच्या क्लोजिंगच्या धावपळीत नफ्याचा आकडा एकदाचा जुळला की बरेच जण हुश्श करतात, आणि त्याच्या खालचा ओसीआयचा (नफ्याबाहेर थेट इक्विटीत जाणारे फायदे-तोटे) भाग मागच्या वर्षीच्या फाईलमधून उचलून, आकडे बदलून मोकळे होतात. ऑडिटर नेमका तिथेच पेन टेकवतो.

आधी हे पक्कं करा की टोटल कॉम्प्रिहेन्सिव्ह इन्कम म्हणजे वर्षभरात इक्विटीत (मालकांच्या हिश्श्यात) जो काही फरक पडला तो सगळा, फक्त मालकांशी झालेले व्यवहार सोडून. म्हणजे नवे शेअर्स काढले, बायबॅक केला, डिव्हिडंड दिला, हे यात येत नाही. बाकी राहिलं त्याचे दोन भाग, एक पी अँड एल म्हणजे नफा-तोटा आणि दुसरा अदर कॉम्प्रिहेन्सिव्ह इन्कम म्हणजे आपलं ओसीआय. आता ओसीआयमध्ये काय जाणार हे तुम्ही किंवा तुमचा सीएफओ ठरवत नाही, स्टँडर्ड म्हणजे अकाउंटिंगचा नियम ठरवतो. स्टँडर्डने नाव घेऊन सांगितलं असेल तरच ओसीआय, नाहीतर गुपचूप पी अँड एल. "तोटा जरा जास्तच दिसतोय, खाली सरकवू का" या प्रश्नाचं उत्तर नाही असंच आहे.

मग सुरुवात कुठून करायची तर ट्रायल बॅलन्समधून (सगळ्या खात्यांच्या शिल्लकींची यादी) ओसीआयच्या सगळ्या आयटम्सची एक शीट बनवा आणि प्रत्येकासमोर एकच प्रश्न लिहा: हे पुढे कधी पी अँड एलमध्ये परत येणार का? हा प्रश्न सुटला की अर्धं स्टेटमेंट झालं समजा, कारण आयएएस १ मध्ये (आयएफआरएस या आंतरराष्ट्रीय नियमांतलं मांडणीचं स्टँडर्ड) जून २०११ च्या दुरुस्तीपासून ओसीआयचे दोन गट करून दाखवावेच लागतात, परत येणारे आणि कधीच न येणारे.

कधीच न येणाऱ्यांत जमीन-इमारतीचं रिव्हॅल्युएशन, पेन्शन-ग्रॅच्युइटीसारख्या डिफाइन्ड बेनिफिट प्लॅनचं रीमेझरमेंट (अंदाज बदलल्याने पडणारा फरक, अ‍ॅक्च्युअरीच्या रिपोर्टमधून येतो तो), आणि एफव्हीओसीआयला टाकलेले, म्हणजे बाजारभावाने मोजून फरक ओसीआयला नेलेले, इक्विटी शेअर्स. परत येणाऱ्यांत परदेशी उपकंपनीचे आकडे कन्व्हर्ट करताना होणारा चलनाचा फरक, कॅश फ्लो हेजचा (पुढच्या पैशांच्या चढउतारापासून घेतलेलं संरक्षण) इफेक्टिव्ह भाग, आणि एफव्हीओसीआयमधले बाँड. बाँड आणि शेअर दोन्ही एफव्हीओसीआय, पण एक परत येतो आणि दुसरा येत नाही, इथेच घोळ होतो. शेअर विकून कितीही फायदा झाला तरी तो पी अँड एलला लागत नाही, फार तर इक्विटीतल्या इक्विटीत एका रिझर्व्हमधून (इक्विटीतलं खातं) दुसऱ्यात हलवता येतो. डिव्हिडंड मात्र साधारणपणे पी अँड एललाच, आणि बाँडचं व्याजही पी अँड एललाच. अमेरिकन नियमांत यादी थोडी वेगळी आहे, तिथे मालमत्तेचं वरच्या दिशेने रिव्हॅल्युएशन नाहीच, आणि पेन्शनचा फरक हळूहळू नेट इन्कममध्ये येत राहतो, त्यामुळे ग्रुप रिपोर्टिंग करत असाल तर एकाची शीट दुसऱ्याला चिकटवू नका.

आता रीक्लासिफिकेशन, म्हणजे ओसीआयमध्ये साठलेलं पी अँड एलमध्ये परत आणणं, जे सगळ्यात जास्त चुकतं. आकडे घेऊन बघू. कंपनीने १००० ला बाँड घेतला, एफव्हीओसीआयमध्ये टाकला, व्याज सध्या बाजूला ठेवू, टॅक्स २५% धरू. पहिल्या वर्षाच्या शेवटी किंमत १०६०. ओसीआयमध्ये ६० फायदा, त्यावर डिफर्ड (पुढे भरायचा) टॅक्स १५, निव्वळ ४५. पी अँड एलला काहीच नाही. दुसऱ्या वर्षी बाँड १०७० ला विकला. आधी ओसीआयमध्ये वाढलेले १० घ्यायचे, मग साठलेले सगळे ७० ओसीआयमधून उणे करून पी अँड एलमध्ये आणायचे. म्हणजे दुसऱ्या वर्षी असं दिसेल:

पी अँड एल, टॅक्सनंतर: ५२.५
ओसीआय: या वर्षीचा फायदा १०
ओसीआय: रीक्लासिफिकेशन (७०)
ओसीआयवरचा टॅक्स: १५
निव्वळ ओसीआय: (४५)
टोटल कॉम्प्रिहेन्सिव्ह इन्कम: ७.५

पहिल्या वर्षीचे ४५ आणि हे ७.५ मिळून ५२.५, म्हणजे १०७० उणे १००० वर टॅक्स जाऊन जो खरा फायदा आहे तेवढाच. ती उणे ७० ची ओळ विसरलात की तोच फायदा दोनदा मोजला जातो, आणि रिझर्व्हमध्ये विकून टाकलेल्या बाँडचे पैसे वर्षानुवर्षं तसेच पडून राहतात. ही ओळ स्टेटमेंटवर नको असेल तर नोट्समध्ये द्या, चालतं, पण कुठेतरी दिसली पाहिजे.

हेजच्या बाबतीत एक बारकावा आहे, कच्चा माल किंवा मशीन विकत घेण्यासाठी हेज केलं असेल तर आयएफआरएस ९ प्रमाणे रिझर्व्हमधली रक्कम थेट त्या मालाच्या किमतीत मिसळायची, हे रीक्लासिफिकेशन नाही आणि ओसीआयच्या ओळीतून जात नाही, थेट इक्विटीच्या स्टेटमेंटमध्ये दिसतं. आणि रिव्हॅल्युएशनमध्ये किंमत खाली आली तर आधी त्याच मालमत्तेचा जुना सरप्लस ओसीआयमधून संपवायचा, त्याच्या पलीकडचा तोटा पी अँड एलला.

मांडणीचं म्हणाल तर आयएफआरएसमध्ये एकच लांब स्टेटमेंट किंवा लागोपाठ दोन, दोन्ही चालतात, दुसरं स्टेटमेंट नफ्याच्या आकड्यापासून सुरू करायचं. इंड-एएसमध्ये (भारतीय नियम) एकच स्टेटमेंट, पर्याय नाही. अमेरिकेत पूर्वी ओसीआय इक्विटीच्या स्टेटमेंटमध्ये दाखवून टाकायची मुभा होती, ती २०११ मध्ये काढली, आणि माझ्या मते बरंच झालं, तिथे कोण बघत होतं. टॅक्स प्रत्येक ओळीत वजा करून दाखवा किंवा ग्रॉस दाखवून गटाखाली एकत्र, पण दोन्ही गटांचा टॅक्स वेगळा हवा आणि प्रत्येक आयटमचा टॅक्स नोट्समध्ये हवाच. कन्सॉलिडेटेड (ग्रुपचं एकत्र) असेल तर नफा आणि टोटल कॉम्प्रिहेन्सिव्ह इन्कम दोन्हीची वाटणी पेरेंटचे मालक आणि नॉन-कंट्रोलिंग इंटरेस्ट (उपकंपनीतले बाहेरचे भागधारक) यांच्यात करायची, बरेच जण नफ्याची करतात आणि दुसरी राहून जाते. ईपीएस (प्रति शेअर नफा) मात्र फक्त नफ्यावर, ओसीआय त्यात ओढायचं नाही.

ओसीआयमधला तोटा म्हणजे कागदावरचाच असं समजून नोट्स पातळ करू नका. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँकेने सुमारे २१ अब्ज डॉलरचे रोखे विकून टॅक्सनंतर १.८ अब्ज डॉलरचा तोटा जाहीर केला आणि दोन दिवसांत बँक बंद झाली. विकलेल्या रोख्यांची घसरण ओसीआयमध्ये आधीपासून बसलेली होती. त्याहून मोठी घसरण मुदतीपर्यंत धरायच्या रोख्यांत होती, जी ओसीआयमध्येही येत नाही, फक्त डिस्क्लोजरमध्ये दिसते.

सगळं झालं की ताळा घ्या. प्रत्येक रिझर्व्हची सुरुवातीची शिल्लक, अधिक वर्षाचं निव्वळ ओसीआय, अधिक-उणे इक्विटीतल्या ट्रान्सफर आणि हेजची ती मिसळलेली रक्कम, बरोबर बॅलन्सशीटमधली शेवटची शिल्लक. एकूण बेरीज जुळली म्हणून थांबू नका, रिझर्व्हगणिक जुळवा, कारण दोन चुका एकमेकींना झाकतात.

आणि १ जानेवारी २०२७ पासून सुरू होणाऱ्या वर्षांना आयएएस १ च्या जागी आयएफआरएस १८ येतंय. त्यात मोठा बदल पी अँड एलच्या आत आहे, ऑपरेटिंग, इन्व्हेस्टिंग, फायनान्सिंग असे भाग पडतील, ओसीआयमध्ये काय जातं ते तसंच राहील. पण मागच्या वर्षीचे आकडेही नव्या मांडणीत द्यावे लागणार, म्हणजे २०२६ च्या ट्रायल बॅलन्सचं मॅपिंग आधीच करून ठेवलेलं बरं.