लेसरने चष्मा घालवताना घाई आणि लपवाछपवी टाळा

लेसिकमध्ये, म्हणजे चष्म्याचा नंबर घालवणाऱ्या लेसर शस्त्रक्रियेत, लेसरचा प्रत्यक्ष मारा एका डोळ्यावर बहुधा मिनिटभरही चालत नाही. पुढे उद्भवणाऱ्या गुंतागुंतीचे मूळ मात्र पुष्कळदा त्याआधीच्या आठवड्यांतल्या घाईत असते. गोव्यात या घाईमागे एखादी ठरलेली तारीख असते : कुणाला पंधरा दिवसांत बोटीवर रुजू व्हायचे असते, कुणाचे लग्न तोंडावर आलेले असते.

काल रात्रीपर्यंत लेन्स वापरलेला रुग्ण तपासणी पुढे ढकलली जाईल या भीतीने "दोन आठवडे झाले बंद करून" असे सांगतो. लेन्समुळे कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, आकार तात्पुरता बदललेला असतो. यंत्र त्या बदललेल्या आकाराचेच माप घेते आणि लेसर ते चुकीचे माप तंतोतंत कोरतो. म्हणून मऊ लेन्स किमान एक ते दोन आठवडे आणि कडक लेन्स किमान तीन ते चार आठवडे बंद ठेवावी, आणि दोन भेटींतली मापे जुळली नाहीत तर आणखी थांबावे. वर्षभरात नंबर ०.५ हून अधिक बदलला असेल तरीही थांबणेच योग्य.

कॉर्नियाची सरासरी जाडी ५४० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असते. वरचा फ्लॅप, म्हणजे कॉर्नियाची कापून झाकणासारखी उघडलेली पातळ चकती, उचलल्यावर प्रत्येक नंबरामागे साधारण १२ ते १५ मायक्रॉन थर काढला जातो, आणि खाली किमान २५० मायक्रॉन अस्पर्श राहावे लागतात. समजा कॉर्निया ४८० मायक्रॉनचा आहे, तर ११० चा फ्लॅप आणि उणे आठ नंबरासाठी सुमारे ११० वजा जाता २६० उरतात. हिशेब कागदावर बसतो खरा, पण अशा डोळ्याला लेसिक करून घ्या असे मी कुणालाही सांगणार नाही. टोपोग्राफीच्या, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराच्या तपासणीच्या, रंगीत नकाशात खालच्या बाजूला लाल डाग दिसून डॉक्टरांनी केराटोकोनसची, म्हणजे कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याच्या आजाराची, शंका घेतली, तर तो नकार स्वीकारावा; होकार देणारे दुसरे केंद्र शोधत फिरू नये. घरातील कुणाला हा आजार असणे, डोळे चोळण्याची सवय, गर्भारपण, स्तनपान, मुरमांसाठी चालू असलेल्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या, हे सारे आपणहून सांगावे.

नंतरची मोठी चूक पाण्याची. समुद्र, नदी, विहीर आणि तरणतलाव डॉक्टर परवानगी देईपर्यंत, साधारण महिनाभर, वर्ज्य समजावेत; जूनच्या मध्यावर शस्त्रक्रिया झाली असेल तर २४ तारखेच्या सांजावाला, म्हणजे विहिरीत उड्या मारण्याच्या गोव्यातल्या सणाला, विहिरीत उडी मारू नये, आणि शिगम्याचा गुलालही डोळ्यांपासून दूर ठेवावा. झोपेत नकळत डोळा चोळला गेला तर फ्लॅप सरकू शकतो, म्हणून सांगितलेल्या रात्री संरक्षक कवच लावूनच झोपावे. पीआरके, म्हणजे फ्लॅप न उचलता पृष्ठभागावरच केलेली लेसर शस्त्रक्रिया, झालेल्यांनी किनाऱ्यावरच्या उन्हात काळा चष्मा विसरू नये, कारण अतिनील किरणांमुळे कॉर्नियावर धूसरपणा येण्याचा धोका वाढतो.

कोरडेपणा काही महिने राहू शकतो. त्यासाठी संरक्षक रसायन नसलेले अश्रूथेंब वापरावेत. स्टेरॉइडचे थेंब मात्र बरे वाटते म्हणून आपल्या मनाने वाढवू नयेत, कारण त्यांनी डोळ्यातील दाब चढू शकतो आणि तो तपासल्याशिवाय कळत नाही. बोटीवर जाणाऱ्याने म्हणूनच फेरतपासण्या संपल्यावरची तारीख घ्यावी. वाढती वेदना, लाली किंवा अचानक अंधूक दिसणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना डोळा दाखवावा.