कुंडीतली माती फेकू नका, उकरूही नका: जिवंत मातीच्या बागेत या चुका टाळा

मे महिना सरत आला की पुण्यात कोथरूड-कर्वेनगरच्या सोसायट्यांमध्ये कचऱ्याच्या डब्यांशेजारी जुन्या मातीची पोती दिसू लागतात. एखाद्या पोत्यातून कुंडीचा आकार घेतलेला मातीचा गोळा डोकावत असतो, भोवती पांढुरक्या मुळांची जाळी. आठवड्याभरात त्याच घरी टेम्पोतून लाल मातीची नवी पोती येतात. मला ते बघवत नाही, कारण टाकून दिलेली ती माती आत्ता कुठे जिवंत होऊन, म्हणजे बुरशी, जिवाणू आणि गांडुळं वस्तीला येऊन, कामाला लागलेली असते.

माझ्या गच्चीवरच्या दोन अर्ध्या ड्रमांतली माती मी सहा वर्षांत एकदाही उपसलेली नाही. त्याच मातीत टोमॅटो, वांगी, मिरची, पालक, घेवडा एकामागून एक होऊन गेले. पहिली दोन वर्षं मात्र मी जवळजवळ प्रत्येक चूक केली, आणि त्याच चुका आता ओळखीच्यांच्या बागांत दिसतात.

खुरपं हातात घेऊन बसणं

सर्वांत मोठी चूक हीच. माती मोकळी करायची म्हणून दर रविवारी खुरप्यानं खालीवर करायची, असं आपण लहानपणापासून पाहत आलोय. शेतातल्या तणासाठी ते ठीक असेल, पण ड्रमातल्या मातीचं त्यानं नुकसान होतं. मुळांना जोडून राहणाऱ्या बुरशीचे धागे तुटतात, गांडुळांची बिळं बुजतात आणि पाणी-हवेच्या वाटा बंद होतात. उकरलेली माती दोन दिवस भुसभुशीत दिसते आणि पहिल्या पाण्याला पुन्हा दबून बसते.

त्याऐवजी वरून द्या. दोन पिकांच्या मध्ये बोटभर जाडीचं गांडूळखत किंवा घरचं पूर्ण कुजलेलं कंपोस्ट, त्यावर मूठभर निंबोळी पेंड आणि वर तीन-चार बोटं सुक्या पानांचं आच्छादन. खाली ओढून नेण्याचं काम गांडुळं करतात. पानांची तर पुण्यात चैनच आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्त्याकडेला ढीग लागतात, ते पेटवले जाण्याआधी पोती भरून ठेवा. गुलमोहर, शिरीष यांची बारीक पानं लवकर कुजतात. आंब्याची, फणसाची जाड पानं चुरून घाला, नाहीतर ती एकमेकांना चिकटून पत्र्यासारखा थर होतो.

आच्छादन उचललं की खाली कधीकधी पांढरी, कापसासारखी बुरशी दिसते. अनेक जण घाबरून ती खरवडतात. ती पानं कुजवणारी बुरशी आहे, तिला राहू द्या. पावसाळ्यात दिसणारे पैसे किंवा वाणी नावाचे किडेही बहुतेक वेळा कुजलेला पालाच खातात.

झाड मुळासकट उपटणं

पीक संपलं की दांडा मातीलगत कात्रीनं कापा. मुळं आत कुजतात आणि त्यांच्या जागी नळ्यांसारख्या पोकळ्या राहतात. पुढचं रोप त्या बुंध्यापासून चार बोटं सोडून लावा.

याला एक अपवाद आहे. टोमॅटो, वांगं किंवा भेंडी पाणी असूनही दुपारी माना टाकत असेल आणि वाढ खुंटली असेल, तर एक झाड उपटून मुळं धुऊन पाहा. मुळंच जागोजागी फुगून गाठाळली असतील तर तो सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारा सूक्ष्म जंत. अशी मुळं मातीत ठेवू नका, कंपोस्टमध्येही टाकू नका. त्या ड्रमात एक हंगाम झेंडू दाट लावा. घेवडा-चवळीच्या मुळांवरच्या गाठी पाहून मात्र फसू नका. त्या मुळाला बाहेरून चिकटलेल्या असतात, नखानं सहज सुटतात आणि फोडल्यावर आतून गुलाबी दिसतात. त्या हवेतला नत्र धरून झाडाला देणाऱ्या जिवाणूंच्या आहेत, ते आपलं धन आहे.

कच्चं ते मातीत मिसळणं

दुसऱ्या वर्षी मी सुताराकडून लाकडाचा भुसा आणला आणि माती हलकी होईल म्हणून थेट मिसळला. तीन आठवड्यांत मिरचीची खालची पानं पिवळी पडली. भुशात कार्बन भरपूर आणि नत्र नगण्य. तो कुजवायला जिवाणू मातीतलाच नत्र उचलतात आणि झाड उपाशी राहतं. हाच भुसा वर पसरला असता तर एवढा त्रास झाला नसता. माती हलकी करायला भाताचं तूस घ्या. मावळ-मुळशीकडच्या भाताच्या गिरण्यांत ते मिळतं.

ताजं शेण आणि कोंबडीखत यांचीही तीच गोष्ट: आधी कुजवा, मग वापरा. गणपतीतलं निर्माल्य आणि दसऱ्याचा झेंडू दोरे काढून, वाळवून आच्छादनात चालतो. कोकोपीट वापरणार असाल तर दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्या, त्यात बरेचदा क्षार असतात.

रोज पाणी घालणं

गेल्या वर्षी वरच्या मजल्यावरच्या काकूंनी हाक मारली. “अगं, माझ्या बंद गॅलरीत नुसती चिलटं झालीत. औषध सांग काहीतरी.”

मी आच्छादन बाजूला केलं. माती काळी, चकचकीत, नाकाला नाल्यासारखा वास. “काकू, पाणी किती घालता?”

“रोज एक तांब्या. गच्चीवर असताना तेवढंच घालायचे.”

गच्चीवर ऊन-वारा असतो. काचा लावलेल्या गॅलरीत तेवढं पाणी उडत नाही. वरची दोन-तीन इंच माती सतत ओली राहिली की या माश्या तिथेच अंडी घालतात आणि अळ्या बारीक मुळं खातात. आम्ही आठवडाभर आच्छादन उचलून ठेवलं, वरचा थर कोरडा होऊ दिला, निंबोळी पेंड भुरभुरवली, पिवळे चिकट सापळे लावले आणि एक छोटा पंखा सुरू केला. चिलटं पूर्ण जायला महिना लागला, कारण आधी घातलेल्या अंड्यांतून नवीन निघतच राहतात. म्हणून आठवड्यात फरक नाही असं म्हणून फवारणी करू नका.

पाण्याची खरी वेळ हातालाच कळते. चार बोटं खालची मूठभर माती दाबा. तिचा लाडू वळला आणि बोटानं टोचताच फुटला, तर ओल बरोबर आहे. बोटांतून पाणी गळलं तर थांबा. लाडूच वळत नसेल तर पाणी द्या, पण झारीनं सावकाश, दोन-तीन वेळा थांबत. पार सुकलेली माती पाणी पीत नाही. ते कडेनं उतरून खाली वाहून जातं आणि आपल्याला वाटतं पोट भरलं. एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकला की गच्चीवर सकाळ-संध्याकाळ तपासावं लागतं.

भांडं लहान, किंवा चुकीचं

आठ-दहा इंची कुंडीत जिवंत मातीचा संसार टिकत नाही. ती दुपारी तापते आणि रात्री सुकते. २०० लिटरचा ड्रम आडवा मधोमध कापला की १०० लिटरची दोन टोपली होतात, तेवढं हवं. भंगारवाल्याकडून निळा ड्रम घेताना आधी त्यात काय होतं ते विचारा. उत्तर नीट मिळालं नाही तर घेऊ नका, वासावर जाऊ नका. ओल्या मातीचा असा एक अर्धा ड्रम सव्वाशे किलोच्या पुढे जातो. म्हणून तो तुळईवर किंवा कडेच्या भिंतीलगत ठेवा आणि खाली विटा द्या, म्हणजे भोकं बुजत नाहीत. जास्त ड्रम ठेवायचे असतील तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा.

रासायनिक खताचा “थोडासा” डोस दर आठवड्याला द्यायचा असेल तर जिवंत मातीचा खटाटोप करू नका. दोन्ही एकत्र नीट चालत नाहीत. राखही चिमटीनंच, ती माती अल्कधर्मी करते. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसला तर बोअरच्या पाण्यातले क्षार साठताहेत. जमेल तेव्हा पावसाचं पाणी धरून वापरा. आणि मायकोरायझाची, म्हणजे मुळांना जोडून राहणाऱ्या त्या बुरशीची, महागडी पूड पालक, मुळा, कोबीला घालू नका. त्यांची मुळं या बुरशीशी जोडीच करत नाहीत.

जूनमध्ये ड्रम उघडा ठेवणं

पुण्यात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. रिकाम्या ड्रमावर तो थेट पडला की वरची माती दबते आणि पोषणद्रव्यं खालच्या भोकांतून वाहून जातात. त्यावर ताडपत्री टाकू नका, चवळी पेरा. फुलं दिसू लागताच मातीलगत कापून तिथेच पसरा. सप्टेंबरात त्या पाल्यात बोटानं भोक पाडायचं आणि टोमॅटोचं रोप लावायचं.