ब्रेक पेडल मऊ लागतंय? हवा काढायच्या आधी दोष शोधा

पेडल मऊ लागलं की लगेच ब्लीडर (चाकाजवळचा हवा काढायचा स्क्रू) सैल करून हवा काढायला घेऊ नका. हवा जिथून शिरली ती जागा तशीच राहिली, तर काही दिवसांत पेडल पुन्हा खाली जाणार. नेमकं काय बिघडलंय ते बऱ्याचदा पेडलच सांगतं.

इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, म्हणजे बूस्टरमधला (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यातला) व्हॅक्यूम संपेल. मग पाय हलका दाबून अर्धा मिनिट तसाच धरा. पेडल हळूहळू खाली सरकत गेलं आणि बाहेर कुठेही गळती दिसली नाही, तर मास्टर सिलिंडरमधले (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या पंपातले) रबरी कप झिजलेत; ऑइल आतल्या आत मागे जातंय. अशी गाडी रस्त्यावर काढूच नका. पेडल स्प्रिंगसारखं लागत असेल आणि पंप केल्यावर (लागोपाठ दाबल्यावर) घट्ट होत जात असेल, तर लाइनमध्ये, म्हणजे ब्रेक ऑइलच्या नळ्यांमध्ये, हवा आहे. पहिल्यांदा खूप खाली जातं, पण लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर आणि कडक लागतं? मग बहुतेक मागच्या ड्रममधले शू (ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारे पट्टे) आणि ड्रम यांच्यातलं अंतर वाढलंय. अशा वेळी कितीही ऑइल बदललं तरी उपयोग नाही. ड्रम हलका घासत फिरेल इतपत ॲडजस्टर घट्ट करा. डिस्क ब्रेक असलेल्या चाकाचं बेअरिंग ढिलं असलं तरी पॅड (डिस्क दाबून धरणारे तुकडे) मागे ढकलले जातात आणि पहिलं पेडल असंच खाली जातं, म्हणून चाक वर-खाली हलवून खेळ आहे का पाहा.

पंप करूनही मऊपणा जात नसेल तर रबरी होज (चाकांकडे जाणाऱ्या लवचीक नळ्या) बघा. कुणालातरी पेडल जोरात दाबायला सांगा आणि प्रत्येक होज हातात धरा. दाबासरशी फुगतोय असं बोटांना जाणवलं, किंवा वाकवल्यावर भेगा दिसल्या, तर सगळे होज एकदमच बदला. ते एकाच वयाचे असतात.

गळतीसाठी टायरची आतली बाजू बघून भागत नाही. ड्रम काढा आणि व्हील सिलिंडरच्या (शू ढकलणाऱ्या छोट्या सिलिंडरच्या) टोकाची रबरी टोपी बोटाने जरा उचला. आत नुसता ओलसरपणा चालेल. ऑइल ओघळलं तर सिलिंडर गेला. शू ऑइलने भिजले असतील तर तेही बदला, धुऊन उपयोग होत नाही.

दुरुस्तीनंतर हवा काढायची. ब्लीडरवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारा आणि खोलताना रिंग पानाच वापरा. फिक्स पान्याने कडा गोल होतात आणि ब्लीडर तुटला की काम दुप्पट वाढतं. सीलबंद डब्यातलं नवं ब्रेक ऑइल घ्या, ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचंच. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते डॉट ३ किंवा डॉट ४ मध्ये मिसळायचं नाही. इंजिन ऑइलचा थेंबही नको, रबर फुगतं.

बहुतेक गाड्यांत मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. लाइन तिरकी विभागलेली असेल (एक पुढचं चाक आणि विरुद्ध बाजूचं मागचं चाक एकत्र) तर क्रम मॅन्युअलमध्ये बघा. ब्लीडरवर पारदर्शक नळी चढवून तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवा. एकाने पेडल सावकाश दाबून धरायचं, दुसऱ्याने ब्लीडर पाव-अर्धा फेरा खोलून बंद करायचा आणि त्यानंतरच पेडल सोडायचं. हा क्रम चुकला की हवा परत आत. बुडबुडे थांबून स्वच्छ ऑइल येईपर्यंत करत राहा. मधे टाकीत ऑइल घालत राहा. टाकी रिकामी झाली की पुन्हा पहिल्या चाकापासून.

जुन्या गाडीत हवा काढताना एक गोष्ट आवर्जून करा: पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. रोजच्या वापरात पिस्टन जिथवर जात नाही, त्या भागात गंज बसलेला असतो. पेडल तळापर्यंत नेलं तर त्या गंजावर घासून कप फाटतात आणि काल चांगला असलेला मास्टर सिलिंडर आज गळायला लागतो. नवा मास्टर सिलिंडर टाकत असाल तर त्यातली हवा गाडीवर चढवण्याआधी कामाच्या बाकावरच काढून घ्या. कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) बदलला असेल तर ब्लीडर वरच्या बाजूला आलाय ना, हे बघा. डावा-उजवा अदलाबदल झाला तर ब्लीडर खाली जातो आणि हवा कधीच निघत नाही.

सांडलेलं ऑइल लगेच भरपूर पाण्याने धुवा, रंग उडतो. मग इंजिन चालू करून पेडल अर्धा मिनिट जोरात दाबून धरा. बूस्टरमुळे सुरुवातीला थोडं खाली जाईल, ते ठीक; त्यानंतर सरकता कामा नये. चारही ब्लीडर कोरडे आहेत का बघा आणि मोकळ्या जागेत अगदी हळू चालवून ब्रेक तपासा. दुसऱ्या दिवशी टाकीतली पातळी पुन्हा पाहा.