परसात पतंगांचा लाइट ट्रॅप लावायचाय? मग आधी एवढं जमवा

पावसाळ्यात परसात लाइट ट्रॅप, म्हणजे उजेडाने पतंग ओढून घेणारा सापळा, लावायचा म्हटलं की सगळे आधी बल्बच्या मागे लागतात. बल्ब महत्त्वाचा आहेच, पण खरी तयारी लागते ती दुसऱ्या दिवशी पहाटेच्या पाऊण तासाची, कारण आत बसलेले किडे बघायचे, मोजायचे, फोटो काढायचे, वहीत उतरवायचे आणि पक्षी गोळा व्हायच्या आत सोडून द्यायचे, हे सगळं तेवढ्यातच बसवावं लागतं. मी कोकणातल्या परसाच्या हिशोबाने लिहितेय, घाटावर थोडंफार इकडंतिकडं होईल.

१६० वॅटचा मर्क्युरी बल्ब मिळाला तर त्याला वेगळा चोक लागत नाही, १२५ वॅटवाल्याला लागतो. तो भयंकर तापतो, म्हणून होल्डर चिनी मातीचाच घ्या आणि वर पत्र्याचा आडोसा करा, तापलेल्या काचेवर पावसाचे थेंब पडले की ती तडकते. लाइट जाऊन लगेच आले तरी हा बल्ब लगेच पेटत नाही, थंड व्हायला काही मिनिटं घेतो, तेव्हा उडाला समजून खोलत बसू नका, फक्त कधी गेले आणि कधी आले ते वहीत लिहा. त्याच्याकडे थेट बघायचं नाही, त्यात यूव्ही म्हणजे अतिनील किरण असतात. यूव्ही एलईडीची पट्टी पॉवर बँकवर चालते, तिच्यावर पतंग बहुतेक थोडे कमी येतात, पण ओल्या अंगणात २३० व्होल्टची वायर ओढायला लागत नाही आणि मला आता तीच बरी वाटते. वायर ओढणारच असाल तर एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर नको, आणि घरात ईएलसीबी (करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच) आहे ना ते बघून घ्या.

ट्रॅप म्हणजे फार काही नाही, रंगाची २० लिटरची बादली, वर नरसाळं, त्यावर दिवा, तळाला पाणी जायला भोकं आणि भोकांना जाळी. आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे-आडवे टाका, प्लास्टिकचे नकोत, त्यावर पतंगांना नीट धरून बसता येत नाही. ट्रे दुप्पट ठेवा, भिजतातच. बादलीखाली जुनी पांढरी चादर अंथरा, कारण निम्मे पतंग बादलीत पडतच नाहीत, आजूबाजूला गवतात आणि भिंतीवर बसतात. २०२४ मध्ये एक अभ्यास आला त्यात हे छान कळलं, उडताना किडे पाठ उजेडाकडे ठेवतात, रात्री उजेड म्हणजे वरचं आभाळ असा त्यांचा हिशोब, आणि दिवा बाजूला आला की तोल बिघडून ते गोल गोल फिरत राहतात. म्हणजे सकाळी बादलीइतकीच भिंतही बघायची. आणि पडवीतला दिवा रात्री बंद.

रात्र कुठली निवडायची तर अमावस्येच्या आसपासची, ढगाळ, दमट, वारा पडलेली. पौर्णिमेला कमी येतात. पण पहिल्या पावसानंतरच्या संध्याकाळी जपून, तेव्हा पंखवाली वाळवी आणि हुमणीचे भुंगेरे इतके येतात की बादली भरून जाते आणि आतल्या नाजूक पतंगांच्या पंखांचा चुरा होतो, तेव्हा तासाभरासाठी दिवा सरळ बंद करा. शेजाऱ्यांनाही आधी सांगून ठेवा, नाहीतर रात्रभर कसला उजेड म्हणून चौकशी होणार.

काळा-केशरी, मुंगळ्यासारखा दिसणारा पेडेरस भुंगेरा मानेवर बसला तर चिरडू नका. तो चावत नाही, पण चिरडला की त्याच्या अंगातल्या द्रवाने कातडी भाजल्यासारखी होते, लागलंच तर लगेच साबणाने धुवा. मोठा पाणढेकूणही उजेडाला येतो आणि तो चावला तर चांगलंच दुखतं. किड्यांसाठी बेडूक येतात, बेडकांसाठी आणखी कोण येईल सांगता येत नाही, आणि कोकणात फुरसं हा विषारी साप असतोच, म्हणून गमबूट आणि हेडटॉर्च यादीत पहिल्या नंबरावर.

आता पहाट. अलार्म उजाडायच्या आधीचा लावा, कारण दयाळ, बुलबुल आणि कोतवाल यांना जागा एकदा कळली की ते रोज हजर. जवळ हवं ते असं: पार्सलसोबत येणाऱ्या चटणीच्या पारदर्शक डब्या धुऊन, मऊ ब्रश, पट्टी किंवा आलेख कागदाचा तुकडा, आणि फोन, ज्यात वेळ बरोबर आणि लोकेशन चालू आहे. फार फडफडणाऱ्याला डबीसकट दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवलं की फोटोपुरता शांत होतो, मात्र घरच्यांची परवानगी आधी काढा. फोटो वरून एक, बाजूने एक, पट्टी दिसली पाहिजे, आणि प्रत्येक किड्याच्या आधी वहीतल्या नंबराच्या चिठ्ठीचा फोटो, नाहीतर संध्याकाळी कुठला कोण ते अजिबात लागत नाही.

वहीची पानं आदल्या दिवशीच आखा: तारीख, जागा, दिव्याचा प्रकार, चालू-बंदची वेळ, पाऊस, वारा, मग नाव आणि संख्या. काहीच आलं नाही तरी ते पान भरायचं, ती पण नोंदच आहे. परसात काय काय लावलंय तेही एकदाच लिहून ठेवा, कण्हेर आणि तगर असेल तर हिरवा ओलिअँडर हॉकमॉथ, गुळवेल असेल तर फळांतला रस शोषणारे युडोसिमा, उंबर असेल तर असोटा पतंग, असा अंदाज बांधता येतो. भारतात पतंगांच्या १० हजारांहून जास्त जाती आहेत, त्यामुळे सगळ्यांची नावं मिळणार नाहीत, आणि काही जाती तर फोटोवरून वेगळ्या ओळखताच येत नाहीत, तिथे कुळापर्यंत किंवा प्रजातीपर्यंत (जीनस) थांबा, अंदाजाने पुढचं नाव ठोकण्यापेक्षा ते शंभर पटीने बरं. भुंगेरे, तुडतुडे, नाकतोडे यांनाही रांगेत घ्या, नुसते सुंदर पतंग नोंदवले तर वही अर्धीच.

सोडताना बादली तिथेच उपडी करू नका, दाट झुडपाच्या सावलीत ट्रे हलकेच झटका, आणि लागोपाठ रोज ट्रॅप नको, मध्ये दोन-तीन रात्री जाऊ देत. ट्रेवर एखादीने अंडी घातली असतील तर तो तुकडा कापून झुडपातच ठेवा. फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या साइटवर त्याच आठवड्यात चढवा. जुलैच्या शेवटी मॉथ वीक, म्हणजे पतंग नोंदवण्याचा आठवडा, असतो, २०१२ पासून चालू आहे, तेव्हा ओळखून देणारे लोक जास्त जागे असतात.