रोशाचं तेल काढताय? आधी या चुका टाळा

दिवाळीच्या आसपास धडगावच्या घाटात थांबून डोंगरउतारावरच्या रोशा गवताचा एखादा तुरा बोटांत चुरडून बघा. गवताला गुलाबाचा वास! त्यातलं जिरॅनिऑल हे सुगंधी द्रव्य गुलाबातही असतं. म्हणूनच एकोणिसाव्या शतकात खान्देशातलं रोशाचं तेल मुंबई बंदरातून पार कॉन्स्टँटिनोपलला (आजचं इस्तंबूल) जायचं आणि गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जायचं. आपल्या गवताने नाव कमावलं ते भेसळीचा माल म्हणून. आता यावर छाती फुगवायची की नाही, तुम्हीच ठरवा.

सगळ्यात महागात पडते ती ओळखण्यातली चूक. रोशाचे दोन प्रकार, मोतिया आणि सोफिया. कापलेल्या पेंढ्या शेजारी टाकल्या तर नुसत्या नजरेने मलाही फरक सांगता येत नाही. गवत उभं असतानाच जागा बघायची. मोतिया कोरड्या, निचऱ्याच्या उतारावर सुट्या सुट्या ठोंबांनी येतो, सोफिया सखल, ओलसर जागी दाट माजतो. मोतियाच्या तेलात जिरॅनिऑल साधारण 75 ते 90 टक्के भरतं, सोफियाचा वास उग्र आणि भाव पडेल. पहिल्या वर्षी नाल्याकाठचं छातीएवढं गवत बघून मी हरखलो होतो. सोबतच्या बाबांनी एक तुरा चुरडून नाकाला लावला आणि म्हणाले, "हाई मोतिया नही शे, भाऊ." विळा परत पिशवीत. (गवती चहा तर वेगळाच, त्याला लिंबाचा वास.)

घाईने कापू नका. तेल मुख्यतः तुऱ्यांत आणि पानांत असतं, दांड्यात नावापुरतं. फुलोरा पूर्ण आला की कापा, पण बी झडेपर्यंत थांबू नका. आणि उपटायचं तर अजिबात नाही, त्याच ठोंबाला पुढच्या वर्षी पुन्हा फुटवे येतात. जंगलातलं गवत असेल तर आधी ग्रामसभेला विचारा.

कापल्यावरची चूक माझीच सांगतो. दवाने ओलं गवत गोणीत दाबून रात्रभर ठेवलं. सकाळी हात घातला तर आत गरम वाफ आणि आंबूस वास, सगळं उकिरड्यावर. गवत दोन-तीन दिवस सावलीत पातळ पसरा. ओल्या शंभर किलोतून जेमतेम अर्धा किलो तेल निघतं, त्यात हा तोटा परवडत नाही.

तेलाला करपट वास आला तर डेगीत, म्हणजे भट्टीवरच्या तांब्याच्या भांड्यात बघा, गवत तळाच्या पाण्यात बुडून बुडाला लागलेलं असतं. मध्ये जाळी टाका, नुसती वाफ गवतातून जाऊ द्या. तेल हिरवट आलं तर तांब्याची कलई उडालेली समजा. वाफ गार होऊन नळीतून निघणारं पाणी हाताला गरम लागलं तर नळीभोवतीचं गारव्याचं पाणी बदला, नाहीतर तेलाचा वास भट्टीभर पसरेल आणि बाटलीत काही उरणार नाही. तेल पाण्यावर तरंगतं, ते सावकाश काढून घ्या. पाण्याचा अंश राहू देऊ नका. बाटली गडद काचेची, काठोकाठ भरलेली.

विकत घेताना नुसत्या वासावर जाऊ नका, टर्पेंटाइन आणि रॉकेलची भेसळ जुनीच आहे. 70 टक्के अल्कोहोलच्या तीन भागांत एक भाग तेल टाकून हलवा. चांगलं तेल विरघळून स्वच्छ राहतं, गढूळ झालं तर बाटली परत करा.

आजी थंडीत म्हणायची, "गुडघा दुखस, रोशानं तेल आन." पण ती ते कधी निव्वळ लावत नसे. वाटीभर कोमट तिळाच्या तेलात थोडंसंच टाकायची. आपण नेमकं हेच विसरतो आणि कातडी लाल करून घेतो. दोन मोठे चमचे तिळाच्या तेलाला दहा थेंब पुरतात. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर बघा. पोटात घेऊ नका, तान्ह्या मुलांना लावू नका. उरलेला चोथा मात्र फेकू नका. वाळवला की पुढच्या खेपेला भट्टीखाली तोच जळतो.