पेडल दाबलं, ब्रेक लागेना

कोइमतूरच्या करी रेसिंग ट्रॅकवर चौथ्या लॅपला कारच्या ब्रेकचं पेडल थेट तळाला गेलं. काळजात धस्स झालं. पॅड चांगले जाड होते. दोष दोन वर्षं जुन्या ब्रेक ऑइलचा. ते हवेतला ओलावा शोषतं. माझं डॉट ४ प्रकारचं ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत तग धरतं, पाणी मुरलं की १५५ च्या आसपासच उकळायला लागतं. वाफ झाली की पायाचा दाब तिच्यातच जिरतो, पेडल पोकळ.

सोलापुरात परतल्यावर सात रस्त्याजवळच्या मिस्त्रीमामांकडे सगळं ऑइल बदललं. डबा सीलबंदच हवा, हे त्यांनी दोनदा बजावलं. आधी मागचं डावं चाक, कारण ते मास्टर सिलिंडरपासून, म्हणजे पेडल दाबलं की ऑइल ढकलणाऱ्या पंपापासून, सगळ्यात लांब. "दाब... धरून ठेव... आता सोड!" नळीतून कोऱ्या चहासारखं काळपट ऑइल आलं, मग बुडबुडे, शेवटी मधासारखं स्वच्छ. पेडल दगडासारखं घट्ट!