कारागिरांना सप्लाय कंपनीत शेअर देताय? मग या चुका टाळा

भीमथडी जत्रा उरकली की पुण्यात दरवर्षी कुणाच्या तरी डोक्यात हा किडा वळवळतोच. वर्षभर मुळशी-भोरकडच्या बुरडांकडून सुपं, टोपल्या, दुरड्या घेतलेल्या असतात किंवा सणगरांकडून घोंगड्या आणलेल्या असतात, स्टॉलवर माल हातोहात जातो, आणि मग वाटायला लागतं की यांना नुसत्या ऑर्डरी देत बसण्यापेक्षा यांचा माल दुकानांना पुरवणारी एक सप्लाय कंपनीच काढू, सगळ्यांना शेअर देऊ, मालकच करून टाकू. विचार भारीच आहे, नाही कोण म्हणतंय. पण अशा कंपन्यांचे कागद आणि हिशोब बघायचं काम माझ्याकडे येतं, आणि तिथं दिसतं ते असं की शेअर सर्टिफिकेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवलेलं असतं आणि सुपाचा रेट मात्र अजून कोथरूडच्या ऑफिसातच ठरतो. कारागीर खरंच मालक झाला का हे बघायचं असेल तर रेट ठरताना तो तिथं होता का एवढंच विचारायचं. खालच्या सगळ्या चुका फिरून फिरून तिथंच येतात.

कल्पना काही आजची नाही. २००६ मध्ये सुमिता घोष यांनी रंगसूत्र ही कारागिरांची कंपनी उभी केली तेव्हा साधारण हजार कारागिरांनी प्रत्येकी हजार रुपये घातले होते. फॅबइंडियानेही २००७ च्या सुमारास १७ प्रादेशिक सप्लाय कंपन्या काढून कारागिरांना त्यात भागधारक करून घेतलं. म्हणजे होतं हे, करणाऱ्यांनी केलंय.

चूक पहिली: डोळे झाकून प्रायव्हेट लिमिटेड

ओळखीचा सीए असतो, तो म्हणतो प्रायव्हेट लिमिटेड काढू, पटकन होते. होते पटकन, पण तिथं सभासदांची कमाल मर्यादा २०० आहे आणि मत शेअरच्या संख्येवर. म्हणजे तुम्ही ६० टक्के ठेवून बाकीचे ४० टक्के दीडशे जणांत वाटले तर ते दीडशे जण मिळून एक साधा ठरावसुद्धा करू शकत नाहीत. स्पेशल ठराव, म्हणजे ज्याला तीन चतुर्थांश मतं लागतात तो, अडवायचा तरी पडलेल्या मतांपैकी २५ टक्क्यांहून जास्त मतं विरोधात लागतात, म्हणजे त्या दीडशेतल्या निम्म्याहून जास्त जणांनी एकत्र विरोध करायला हवा, जे कधी होत नाही.

याच्यासाठी प्रोड्युसर कंपनी आहे, म्हणजे माल बनवणारेच जिचे सभासद असतात अशी कंपनी. लोकांना वाटतं ती फक्त शेतकऱ्यांची, एका आज्जींना तर "सातबारा आणा" म्हणून परत पाठवलं होतं, आता बुरडकाम करणाऱ्या बाईनं सातबारा कुठून आणायचा! कायद्यात हातमाग, हस्तकला, कुटीरोद्योग हे सगळं स्पष्ट लिहिलेलं आहे. २००२ च्या दुरुस्तीने हा प्रकार आला, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो २०१३ च्या कंपनी कायद्यातच बसवलाय. किमान दहा उत्पादक आणि पाच संचालक लागतात, सभासदांना वरची मर्यादा नाही, आणि सगळे सभासद व्यक्ती असतील तर एका माणसाला एकच मत, शेअर दहा असोत की हजार. पहचान कार्ड, म्हणजे केंद्र सरकारचं कारागीर ओळखपत्र, असेल तर कारागीर असल्याचा पुरावा म्हणून त्याची झेरॉक्स आधीच गोळा करून ठेवा.

चूक दुसरी: शेअर फुकट वाटणे

फुकट दिला की त्याचं साडीवाटप होतं. फोटो निघतात, हार घालतात, आणि सहा महिन्यांनी विचारलं तर माणूस म्हणतो "ते कायतरी कागद दिलंय ताईंनी." शंभर-दोनशे रुपये का होईना, त्यानं स्वतः भरू दे. एकरकमी जमत नसेल तर त्याच्या संमतीनं मालाच्या बिलातून दर खेपेला दहा-वीस रुपये कापा आणि प्रत्येक वेळी पावती द्या. पावती महत्त्वाची. स्वतःचे पैसे अडकले की माणूस मीटिंगमध्ये हिशोब मागतो, आणि तो मागायलाच पाहिजे.

चूक तिसरी: "वर्षाला डिव्हिडंड मिळेल" असं सांगून सभासद करणे

ही सगळ्यात जास्त भांडणं लावणारी चूक. शेअर म्हणजे शेअरबाजारासारखं काहीतरी वाढत जाणारं, असा समज होतो आणि पहिल्या ताळेबंदात नफा दिसला नाही की लोक म्हणतात फसवलं. प्रोड्युसर कंपनीत शेअरवरचा परतावा मर्यादितच असतो, कंपनीच्या नियमावलीत (आर्टिकल्समध्ये) लिहाल तेवढाच. खरी कमाई मालावर असते.

समजा टोपलीचा रेट २०० ठरला. माल आला की हातात १७० द्यायचे आणि ३० कंपनीकडे राखून ठेवायचे, वर्षाअखेरीला बोर्ड ठरवेल तसे ते रोख, वस्तूत किंवा शेअरच्या रूपात परत द्यायचे. शिवाय खर्च, परतावा आणि राखीव निधी वजा जाता जे उरेल त्यातून ज्यानं जितका माल घातला त्या प्रमाणात बोनस. शेअरच्या प्रमाणात नाही हं, मालाच्या प्रमाणात. उसाचा हप्ता ज्यांना कळतो त्यांना हे दोन मिनिटांत कळतं, पहिली उचल आणि मग अंतिम हप्ता, तसंच साधारण.

पण हे जमायचं तर प्रत्येकाकडे स्वतःचं पासबुक पाहिजे. तारीख, नग, रेट, दिलेले, राखलेले, एवढे पाच रकाने. एक्सेल शीट तुमच्यासाठी ठीक आहे, त्यांच्या घरी वही लागते.

आणि रेट ठरवायला बसताना कामट्या काढायला किती वेळ, विणायला किती, बांबू केवढ्याला पडला हे तिथंच करणाऱ्याला विचारून फळ्यावर लिहा, मग पुण्यात ती टोपली कितीला विकतो आणि मधले पैसे भाडं, स्टॉल, पॅकिंग, परत आलेला माल यात कुठं जातात तेही लिहा. पहिल्यांदा कुरकुर होते की एवढं मार्जिन? होऊ द्या. लपवलेलं मार्जिन नंतर बाहेर येतंच आणि तेव्हा कुरकुरीवर भागत नाही.

चूक चौथी: उचलीचा विचारच न करणे

सभासद आपला माल गुपचूप जुन्या व्यापाऱ्याला देतायत ही तक्रार मी जवळजवळ प्रत्येक ठिकाणी ऐकतो, आणि कंपनीवाले म्हणतात यांना आपलं भलं कळत नाही. अहो कळतं सगळं. व्यापारी रेट कमी देतो पण रात्री अकराला पोराला दवाखान्यात न्यायला पाच हजार काढून देतो, लग्नाला देतो, आणि माल टाकला की त्याच दिवशी पैसे देतो. तुमची कंपनी तीस रुपये जास्त देते पण कधी, तर मोठ्या दुकानाचं पेमेंट आलं की, म्हणजे दोन-अडीच महिन्यांनी. मग माणूस कुठं जाईल?

इलाज दोन बाजूंनी करावा लागतो. सभासदाला धंद्यासंबंधी सहा महिन्यांपर्यंत उधारी आणि तारणावर सात वर्षांपर्यंतचं कर्ज प्रोड्युसर कंपनी देऊ शकते, फक्त नियमावलीत तशी तरतूद आधीच पाहिजे. हे रजिस्ट्रेशनच्या वेळी राहून जातं कारण नियमावली कुठूनतरी कॉपी-पेस्ट केलेली असते. छोटा का होईना उचल निधी ठेवा आणि बिलातून हळूहळू वळता करा. दुसरी बाजू म्हणजे वसुली. कंपनीचं उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या. सूक्ष्म-लघु उद्योगांचा माल विकणारी कंपनीसुद्धा एमएसएमई कायद्यात पुरवठादार धरली जाते, त्यामुळे लेखी करार असला तरी दुकानदाराला ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५, आणि उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज. बिलावर उद्यम नंबर छापला की निम्मी माणसं आपोआप वेळेवर येतात, उरलेल्यांशी भांडायचं.

चूक पाचवी: शेअर नवऱ्याच्या नावावर

विणते ती, सभासद तो. केंद्राच्या पीएम विश्वकर्मा या कारागिरांच्या योजनेत घरातल्या एकालाच लाभ मिळतो म्हणून लोक तोच नियम इथं लावतात, पण प्रोड्युसर कंपनीत घरटी एकच सभासद अशी काही अट नाही. दोघं काम करत असतील तर दोघांना करा. नाहीतर बोनस, मत, सगळं त्याच्या नावावर चढतं आणि बाई आयुष्यभर "मदत करते" म्हणून राहते.

चूक सहावी: मदत करणारेच मालक होऊन बसणे

डिझायनर, संस्थेच्या ताई, पैसे घालणारे काका, सगळ्यांना शेअर हवा असतो. उत्पादक नसेल तर सभासद होता येत नाही, विषय संपला. त्यांना तज्ज्ञ संचालक म्हणून घेता येतं, पण बोर्डाच्या एक पंचमांशपर्यंतच. सीईओ सभासदांमधला चालत नाही, तो बाहेरचा आणि पूर्णवेळ लागतो. आणि ज्याचा धंदा कंपनीच्या हिताच्या आड येतो त्याला, म्हणजे बांबूचा तो जुना व्यापारी कितीही गोड बोलला तरी, सभासद करता येत नाही.

सभासदाला उद्या बाहेर पडायचं असेल तर काय, तेही थोडं बघा. हे शेअर बाजारात विकता येत नाहीत, बोर्डाच्या मंजुरीने दुसऱ्या सक्रिय सभासदाला दर्शनी किमतीलाच देता येतात. हे पहिल्याच दिवशी सांगा. मोठ्यांचंही असंच लटकतं, २०२२ च्या जानेवारीत फॅबइंडियाने आयपीओचे, म्हणजे शेअरबाजारात उतरायचे, कागद दाखल केले तेव्हा प्रवर्तकांचे सात लाखांहून जास्त शेअर कारागीर-शेतकऱ्यांना भेट द्यायचं जाहीर झालं होतं, आणि २०२३ च्या फेब्रुवारीत आयपीओच मागे घेतला. सभासद झाल्यावर तीन महिन्यांत वारस नेमायचा असतो, तो फॉर्म त्याच दिवशी भरून घ्या, नंतर कुणी भरत नाही.

आधीच गडबड झाली असेल तर

प्रायव्हेट लिमिटेड काढून बसला असाल तर कारागिरांची वेगळी प्रोड्युसर कंपनी काढा आणि आधी कच्चा माल आणि रेट या दोन गोष्टी तिच्याकडे द्या. तिनं जुन्या कंपनीत शेअर घ्यायचे का ते नंतर, त्याला मर्यादा आहेत, कंपनी सेक्रेटरीला (सीएस) विचारून करा.

संचालकांचे ओटीपी नातवाच्या मोबाईलवर जात असतील तर आजच बदला. नातू हिंजवडीला नोकरीला लागतो, सिम बदलतो, आणि वार्षिक रिटर्न अडकतं, मग प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये लेट फी चढत राहते.

वार्षिक सभेला माणसं येत नसतील तर तारीख बघा आधी. कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एक चतुर्थांश सभासदांचा आहे, नोटीस चौदा दिवसांची, आणि सगळे सप्टेंबरअखेरच्या घाईत सभा लावतात, जेव्हा गौरी-गणपतीच्या सुपा-परड्यांची गडबड नुकतीच उरकून माणसं शेतात गेलेली असतात. जुलै-ऑगस्टमध्ये घ्या, गावातच घ्या, आणि संध्याकाळची ठेवा, बाजाराचा वार सोडून.